मूल, साखर आणि मन : सोलापुरात आधाराची साखळी कुठे तुटते?

सरकारी आरोग्यव्यवस्थेत बाईसाठी तीन मोठी दारं आहेत. १० ते १९ वर्षांच्या मुलींसाठी ‘मैत्री क्लिनिक’. दिवस गेले की गरोदरपणाची नोंद, मग आशाताईंच्या फेऱ्या, लोहाच्या गोळ्या, सोनोग्राफी. आणि वयाची ३० वर्षं पूर्ण झाली की मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोगाची तपासणी. आता २४ वर्षांची, लग्नाला चार वर्षं झालेली, पाळी दोन-दोन महिने न येणारी, वजन वाढत चाललेली आणि मूल नसलेली बाई यातल्या कुठल्या दारातून आत शिरणार? आशाताईच्या वहीत तिचं नाव असतं, पण ते ‘पात्र जोडपं’ म्हणून. पाळणा लांबवायचा की थांबवायचा, हे विचारण्यासाठी. जिचा पाळणा हललाच नाही तिच्यासाठी त्या वहीत विचारण्यासारखं काही नाही.

ही बाई दवाखान्यात जातच नाही असं नाही. उलट ती फार जाते. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, सोनोग्राफीला, शुगर आणि थायरॉइडच्या तपासणीला, मग आणखी कुणी नाव सुचवलं तर तिकडे. प्रत्येक ठिकाणी तिच्या शरीराचा एकेक भाग तपासला जातो. झोप लागते का, जगण्यात गोडी उरली आहे का, हे मात्र सहसा कुठेच विचारलं जात नाही. वंध्यत्व आणि चयापचयाचे आजार एकाच बाईच्या वाट्याला आले की मनाचं काय होतं, त्यावर संशोधन काय सांगतं, कायदा काय देतो आणि सोलापुरात हाताशी काय आहे, याचा हा आढावा.

‘गाठी’ आणि साखर

सोनोग्राफी सेंटरबाहेर बसलेल्या बायकांच्या तोंडी हल्ली ‘पीसीओडी’ हा शब्द सहज येतो. ‘अंडाशयावर गाठी आहेत’ असंही सांगितलं जातं आणि ऐकणारीच्या पोटात गोळा येतो. खरं तर त्या अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांच्या बारीक पिशव्या असतात. कर्करोगाशी त्यांचा संबंध नाही. मूळ गडबड बहुतेकदा इन्सुलिनची असते. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडतं. वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. मग बीज पिकत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, चेहऱ्यावर मुरमं येतात, मानेवर काळपट पट्टा दिसू लागतो. पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणजे मूल न होणं आणि साखर वाढणं ही पुष्कळदा एकाच मुळाची दोन फळं असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधल्या अंदाजानुसार जननक्षम वयातल्या ८ ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार (वैद्यकीय नाव ‘पीसीओएस’) असतो आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचं निदानच झालेलं नसतं. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने तरुण मुलींचा अभ्यास केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निदानाचे ‘रॉटरडॅम’ निकष लावले तर प्रमाण २२.५ टक्के निघालं आणि अधिक कडक निकष लावले तर १०.७ टक्के. निकष बदलताच आकडा दुप्पट होतो, हे ध्यानात ठेवलं तर एका सोनोग्राफीच्या कागदावरून मुलीला आयुष्यभराचं लेबल चिकटवणं टळेल. देशातल्या प्रौढांत मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचं १५.३ टक्के आहे, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसलं. त्यामुळे ‘अजून वय काय तिचं’ म्हणून साखरेची तपासणी टाळणं परवडणारं नाही.

दोन आरोप

अशा बाईवर एकाच वेळी दोन आरोप होतात. मूल होत नाही, कारण तिच्यातच काहीतरी खोट आहे. आणि वजन वाढलं, साखर वाढली, कारण ती आळशी आहे, खादाड आहे. सासरी पहिला ऐकायचा, दवाखान्यात दुसरा.

दुसऱ्या आरोपाला उत्तर पुण्यातून मिळालेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबीचा असा हा भारतीय देह. पुणे परिसरातल्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या याज्ञिकांच्या अभ्यासाने या देहाचा माग आईच्या पोटापर्यंत नेला. आईची उपासमार, ब-१२ सारख्या जीवनसत्त्वांची कमतरता, आणि जन्मतः वजनाने कमी पण चरबीने कमी नसलेलं बाळ. ज्या गोष्टीची सुरुवात जन्माआधी झाली तिचा सगळा दोष बाईच्या ताटातल्या भातावर ढकलणं शास्त्राला धरून नाही. चालणं, व्यायाम, आहार यांचा उपयोग होतोच. पाच-दहा टक्के वजन उतरलं तरी अनेकींची पाळी मार्गी लागते. पण हेच सांगताना अपमान केला की ती पुढच्या तारखेला येत नाही. पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी वजनावरून होणाऱ्या हेटाळणीचा मुद्दा मुद्दाम नोंदवला आहे, तो याचसाठी.

या दोन आरोपांखाली मन किती दबतं, त्याचे आकडे आहेत. अमेरिकेत अ‍ॅलिस डोमार यांनी १९९३ मध्ये दाखवलं की वंध्यत्वासाठी उपचार घेणाऱ्या स्त्रियांचं नैराश्य आणि चिंता कर्करोगाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णांइतकी असते. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा पीसीओएस असलेल्या स्त्रियांत नैराश्याची लक्षणं ३६.६ टक्के आणि चिंतेची ४१.९ टक्के आढळली; हा विकार नसलेल्या स्त्रियांत हेच प्रमाण अनुक्रमे १४.२ आणि ८.५ टक्के होतं. मधुमेहातही नैराश्याचं प्रमाण सुमारे दुप्पट असतं. आणि नैराश्य आलं की औषधं चुकतात, चालणं बंद पडतं, साखर आणखी चढते.

आपल्याकडे हे नैराश्य ‘मी उदास आहे’ अशा शब्दांत फारसं येत नाही. अंगात त्राण नाही, डोकं गच्च होतं, छातीत धडधडतं, कशात मन लागत नाही, असं ते बोलतं. इथे डॉक्टरालाही सावध राहावं लागतं. थायरॉइड कमी असेल तर मन मंदावतं. साखरेवरचं मेटफॉर्मिन बराच काळ घेतल्यास ब-१२ घटू शकतं आणि त्याचाही थकवा येतो. बीज वाढवणाऱ्या गोळ्या-इंजेक्शनांनी काहींचा मूड वरखाली होतो. उलट दिशेनेही पाहायला हवं. मनोविकारांवरची काही औषधं वजन आणि साखर वाढवतात, आणि व्हॅल्प्रोएटसारखं औषध पाळी बिघडवू शकतं, शिवाय गर्भाला धोकादायक असतं. मूल हवं असलेल्या बाईला ते देण्याआधी मनोविकारतज्ज्ञाने स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोललंच पाहिजे.

‘टेन्शन घेऊ नकोस, राहील’

मूल होत नसलेल्या बाईला सर्वांत जास्त वेळा मिळणारा सल्ला हाच. सासू देते, शेजारीण देते, कधी डॉक्टरही देतात. त्यात माया असते, पण अर्थ असा निघतो की दिवस राहत नाहीत याचं कारण तुझी काळजी. म्हणजे हाही तुझाच दोष.

पुरावा काय म्हणतो? ब्रिटनमधल्या जॅकी बॉइव्हिन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १४ अभ्यासांतल्या ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली. उपचारांच्या फेरीआधी बाई किती तणावात होती, यावरून ती फेरी यशस्वी होईल की नाही हे ठरत नाही, असं त्यातून दिसलं. याच्या उलट भासणारा पुरावाही आहे. डोमार यांच्याच २००० सालच्या प्रयोगात मानसोपचार किंवा आधारगट मिळालेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींना वर्षभरात दिवस गेले, इतरांपैकी २० टक्क्यांना. पण तो अभ्यास लहान होता आणि अनेक जणी मध्येच गळल्या होत्या. दोन्ही बाजू ठेवून पाहिलं तर बाईला एवढं नक्की सांगता येतं की, तुझ्या रडण्यामुळे गर्भ राहिला नाही असं नाही.

समुपदेशनाकडे पाहण्याची दृष्टीही यातून बदलावी लागते. ‘मन शांत ठेवलं तर मूल होईल’ म्हणून समुपदेशन द्यायचं, तर मूल न झाल्यावर ते समुपदेशनही फसलं असं ठरतं. दुःखाला आधार हवा तो दुःख आहे म्हणून. उपचार सोडून देणाऱ्यांत मनाच्या थकव्याने सोडणाऱ्या अनेक असतात, हेही उपचार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

सोलापूरचं घर, सोलापूरचं काम

वंध्यत्वाचं दुःख सगळीकडे सारखं असलं तरी त्याचं ओझं घर, काम आणि शेजार ठरवतात. सोलापूरच्या पूर्व भागात हजारो बायका बिड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात तेंदूपत्ता आणि तंबाखू, आणि तासन् तास एकाच जागी बैठक. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने. डॉक्टरची अर्ध्या दिवसाची रांग म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. ‘रोज ४५ मिनिटं चाला’ हा सल्ला तिच्या दिवसात कुठे बसवायचा, हे सांगणाराच ठरवत नाही. बीजवाढीच्या उपचारात पाळीच्या ठरावीक दिवसांना सोनोग्राफी लागते, तेव्हा तर महिन्याचं गणितच कोलमडतं.

घराचंही तसंच. या पट्ट्यात मामा-आत्याच्या घरात मुलगी देण्याची रीत अजून आहे. सासू सख्खी आत्या असली की आधार मिळतो हे खरं. पण टोमणे तिथूनच आले तर माहेरी तक्रार कुणाकडे करायची? माहेर त्या सासूच्याच भावाचं. डोहाळजेवण, ओटीभरण, बारसं अशा कार्यक्रमांत ‘तू जरा मागे बस’ हे कुणी उघड बोलत नाही, पण तिच्या हातात ओटीचं ताट येत नाही. काही बायका मग लग्नकार्यांना जाणंच सोडतात आणि एकाकीपणात भर पडते.

तपासणीची सुरुवात जवळजवळ नेहमी बाईपासून होते. तिच्या नळ्यांचा फोटो निघतो, गर्भपिशवी आतून तपासली जाते, आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणी वर्षानुवर्षं राहून जाते. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकट्याने किंवा जोडीने असतं; आणि ती तपासणी सर्वांत स्वस्त, सर्वांत कमी त्रासाची. ती आधी करून घेणं हा बाईच्या मनावरचा भार हलका करणारा पहिला उपचार आहे.

दवाखान्याबरोबर देवही असतो. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, रूपाभवानी, थोड्या अंतरावर तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर. नवस बोलणाऱ्या बाईला हसण्याचं कारण नाही. तिथे निदान तिचं म्हणणं ऐकलं जातं असं तिला वाटतं. धोका आहे तो या वाटेवर दबा धरून बसलेल्या भोंदूंचा. दैवी शक्तीने मूल देतो असं सांगून स्त्रीचं लैंगिक शोषण करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत नमूद केलेला गुन्हा आहे. कायदा करणाऱ्यांना हे वेगळं लिहावं लागलं, यावरूनच असहायतेचा बाजार किती मोठा आहे ते समजावं.

कायद्यात आहे ते

कायदे बाईच्या बाजूने बरंच बोलतात. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात मूल नसण्यावरून किंवा मुलगा नसण्यावरून केलेला अपमान आणि टिंगल ही भावनिक हिंसा म्हणून स्पष्ट नोंदली आहे. हिंदू विवाह कायद्यातल्या घटस्फोटाच्या कारणांत वंध्यत्व नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसोपचार मिळण्याचा हक्क देतो आणि विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायला सांगतो. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा २०२१ चा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याने प्रत्येक केंद्रावर जोडप्याला उपचारांचे परिणाम आणि यशाची शक्यता समजावून सांगणाऱ्या समुपदेशनाची जबाबदारी टाकली आहे.

उणीव समुपदेशनाच्या अर्थात आहे. कायद्यातलं समुपदेशन मुख्यतः माहितीचं आहे : खर्च किती, धोका काय, संमतीपत्रावर सही कुठे. फेरी फसल्यानंतरच्या दुःखाला त्यात वेगळी जागा नाही. आणि फेऱ्या फसतात. तिशी-पस्तिशीच्या आतल्या स्त्रियांतही आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबी उपचाराच्या) निम्म्याहून अधिक फेऱ्यांत बाळ हाती येत नाही. एका फेरीचा खर्च लाखाच्या पुढे जातो, आणि ‘आयुष्मान भारत’ विमा योजनेतून वंध्यत्वाचे उपचार वगळलेले आहेत. म्हणजे दागिने गहाण पडतात, आणि अपयशाबरोबर कर्जही घरी येतं.

शहरात काय आहे

सोलापूरला १९६३ मध्ये सुरू झालेलं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचं ‘सिव्हिल’, आहे. स्त्रीरोग, औषधवैद्यक आणि मनोविकार या तिन्ही शाखा वैद्यकीय महाविद्यालयात असतातच. कुंभारीला अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. शहरात खासगी वंध्यत्व केंद्रं आहेत, मनोविकारतज्ज्ञही आहेत. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि मराठीखेरीज इतर भारतीय भाषांतही बोलते. घरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या सोलापुरात हे महत्त्वाचं. दुःख माणूस घरच्या भाषेत सांगतो.

तेव्हा साधनं अगदीच नाहीत असं नाही. ती एकमेकांना जोडलेली नाहीत. स्त्रीरोग विभागातून मनोविकार विभागात जायचं म्हणजे ‘मला वेड लागलंय असं डॉक्टरांना वाटतं’ असा बाईचा समज होतो. ती चिठ्ठी घेते आणि घरी जाते. परळच्या संस्थेने पीसीओएससाठी निरनिराळ्या तज्ज्ञांची एकत्र क्लिनिक चालवली, ती हे अंतर मिटवण्यासाठीच. गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने २०२३ मध्ये मोफत वंध्यत्व उपचारांचं केंद्र सुरू केलं. सोलापूरला या दोन्ही गोष्टींची गरज आहे.

शेजारचे धडे

मनोविकारतज्ज्ञ पुरणार नाहीत, मग करणार कोण, ही शंका रास्त आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. तज्ज्ञांची वाट पाहत बसलो तर हा आकडा हलणार नाही.

गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने यावर एक वाट दाखवली. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी दिल्या. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं होतं, नेहमीची सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. पद्धतही डोईजड नाही : जे करायचं सोडून दिलं त्यातलं एक छोटं काम पुन्हा सुरू करायचं, अडचण आली तर ती फोडून पाहायची, पुढच्या भेटीत त्यावर बोलायचं. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ उपक्रमाने गावातल्याच माणसांना ऐकून घेण्याचं शिक्षण दिलं. शेतकरी आत्महत्यांच्या काळात २०१५ पासून मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्पातून आशाताईंनी घरोघरी मनाची विचारपूस केली. आशाताई हे करू शकतात हे सिद्ध झालेलं आहे. मूल नसलेल्या बाईच्या दारात हेच प्रश्न घेऊन त्यांना पाठवणं उरलं आहे.

युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्येच वंध्यत्व केंद्रातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याने द्यायच्या मानसिक आधाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. पीसीओएस असलेल्या प्रत्येक स्त्रीला निदानाच्या वेळीच नैराश्य आणि चिंतेबद्दल विचारा, असं २०२३ च्या सूचना सांगतात.

काय करता येईल

पहिलं काम दोन प्रश्नांचं. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास किंवा निराश राहिलं का? कशातच रस वाटेनासा झाला का? हे दोन प्रश्न केसपेपर काढताना परिचारिका विचारू शकते, आणि उत्तर ‘हो’ आलं तर नऊ प्रश्नांची मराठीत उपलब्ध असलेली प्रश्नावली भरून घेऊ शकते. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी तज्ज्ञाची भेट. विचारताना सासू शेजारी नसावी. त्यासाठी पडदा पुरत नाही, खोली लागते.

दुसरं, जागा बदलणं. आठवड्यातून एक दुपार मनोविकार विभागातल्या समुपदेशकाने स्त्रीरोग विभागात बसावं. बाईला दुसऱ्या विभागात पाठवण्यापेक्षा समुपदेशकाने तिच्याकडे येणं सोपं.

तिसरं, वेळ ठरवणं. निदान कळल्याचा दिवस, उपचार सुरू होण्याआधीची भेट, फेरी फसल्यानंतरचा आठवडा आणि उपचार थांबवण्याचा निर्णय, या चार वेळी भेट ठरलेलीच असावी. पहिल्या दोन भेटींना नवरा हवाच. दुःख त्यालाही असतं, पण त्याला ते बोलायची सवय नसते.

चौथं, वस्तीत गट उभे करणं. कुंभारीत बिडी कामगार बायकांची वसाहत आहे, आणि तिथल्याच रे नगरमध्ये १९ जानेवारी २०२४ रोजी असंघटित कामगारांना १५ हजार घरांच्या चाव्या मिळाल्या. त्याच गावात वैद्यकीय महाविद्यालयही आहे. बिड्या वळता वळता बोलता येईल असा बायकांचा गट, पंधरा दिवसांतून एकदा येणारी परिचारिका, तेलुगू जाणणारी एखादी प्रशिक्षित शेजारीण, एवढ्यावर सुरुवात होते. चालायला एकत्र निघालेल्या दहा जणींना रस्त्यावर कुणी हटकत नाही.

पाचवं, उपचारांपलीकडच्या वाटांबद्दल मोकळेपणी बोलणं. प्रार्थना समाजाच्या पुढाकारातून १८७५ मध्ये सुरू झालेला पंढरपूरचा बालकाश्रम याच जिल्ह्यात आहे. त्याच्या वर्षभर आधी, १८७४ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी यशवंतला दत्तक घेतलं होतं. दत्तक ही या भूमीला परकी कल्पना नाही. तरी फेरी फसलेल्या दिवशी ‘मग दत्तक घ्या’ म्हणणं हा आधार नव्हे. आधी शोक करू द्यावा लागतो. आणि मुलाविना संसार हाही एक निर्णय असू शकतो, हे जोडप्याला कुणीतरी डॉक्टरच्या खुर्चीतून सांगावं लागतं.

शेवटी प्रश्न मोजमापाचा उरतो. वंध्यत्व केंद्राला लोक यशाचा टक्का विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. त्याला जोडून आणखी एक प्रश्न सोलापुरातल्या प्रत्येक केंद्राला, सरकारी असो वा खासगी, विचारायला लागू या : ज्यांना मूल झालं नाही त्या बायका सहा महिन्यांनंतर कशा आहेत, त्यांची साखर कुणी पाहतं का, त्या झोपतात का, हे तुम्हाला ठाऊक आहे का? तिला पीसीओएस आहे, म्हणजे मुलाचा विषय संपला तरी मधुमेहाचा संपलेला नाही. तिला डॉक्टर लागणारच आहे. ही माहिती ठेवायला नवं यंत्र किंवा वेगळा निधी लागत नाही. फाईल मिटण्याआधी पुढची तारीख लिहावी लागते, आणि त्या तारखेला ती आली नाही तर फोन करावा लागतो.